थांबलेली पेशी उचलते कोण?

कर्करोगाची पेशी विभाजित व्हायची थांबत नाही आणि म्हातारी झालेली पेशी काही केल्या पुन्हा विभाजित होत नाही. वरवर पाहता हे दोन टोकांचे विषय आहेत, आणि बराच काळ त्यांचा अभ्यासही वेगवेगळ्या विभागांत, वेगवेगळी नियतकालिके वाचणाऱ्या माणसांकडून होत असे. आज मात्र कर्करोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती आणि पेशींचे वार्धक्य हे दोन्ही विषय एकत्र अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळा अनेक विद्यापीठांत आहेत. त्या एकत्र का आल्या हे समजून घ्यायचे असेल, तर एक साधा प्रश्न धरून पुढे जाता येते. एखाद्या पेशीने धोका ओळखून स्वतःचे विभाजन कायमचे थांबवले, तर पुढे तिचे काय होते? ती तिथेच पडून राहते का, राहिली तर काय करते, आणि तिला तिथून हलवण्याचे काम कोणाचे?

पेशी थांबते ही गोष्टच मुळात सहजासहजी मान्य झाली नव्हती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ साली कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातील पेशी काचपात्रात वाढवायला सुरुवात केली, आणि ते संवर्धन त्यांच्या मृत्यूनंतरही, १९४६ पर्यंत, चालू राहिले. त्यावरून शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष काढला की शरीर मरते, पण शरीराबाहेर काढलेली पेशी अमर असते. पुढे इतर कोणालाही हा प्रयोग तसाच करून दाखवता आला नाही. पोषणासाठी वेळोवेळी घातल्या जाणाऱ्या गर्भाच्या अर्कातून ताज्या पेशी आत येत असाव्यात, असे त्याचे स्पष्टीकरण आता दिले जाते.

१९६१ साली फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवले की मानवी गर्भाच्या ऊतींमधील पेशी साधारण ५० वेळा विभाजित होतात आणि मग थांबतात. थांबतात म्हणजे मरत नाहीत. त्या जिवंत राहतात, अन्न घेतात, परंतु दोनाच्या चार होत नाहीत. दोष पोषणद्रव्यात किंवा हाताळणीत असेल, ही शंका दूर करण्यासाठी केलेला त्यांचा प्रयोग मला फार आवडतो. पुष्कळ विभाजने झालेल्या पुरुष-पेशी आणि थोडीच विभाजने झालेल्या स्त्री-पेशी त्यांनी एकाच पात्रात मिसळल्या. वेगळ्या ठेवलेल्या पुरुष-पेशी जेव्हा थांबल्या, तेव्हा त्यांनी मिश्रण तपासले, तर त्यात विभाजित होणाऱ्या पेशी फक्त स्त्री-पेशी होत्या. पात्र एक, पोषण एक, हात तेच; तेव्हा किती वेळा विभाजित झालो याची मोजदाद पेशीच्या आतच कुठेतरी होत असली पाहिजे. विभाजनाच्या अधल्यामधल्या टप्प्यावर गोठवून ठेवलेल्या पेशी पुन्हा उबेत आणल्यावर उरलेलीच विभाजने पुरी करून थांबत, हे पाहिल्यावर तर शंकेला जागा उरली नाही.

ही मोजदाद गुणसूत्रांच्या टोकांवर होते. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टेलोमिअर नावाचा भाग असतो, आणि माणसात तो ‘टीटीएजीजीजी’ या सहा अक्षरांच्या हजारो अक्षरे लांब पुनरावृत्तीचा बनलेला असतो. डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेला रेषेच्या अगदी शेवटच्या टोकाची पूर्ण नक्कल करता येत नाही. ही अडचण रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई ओलोव्निकोव्ह यांनी १९७१ सालीच ओळखली होती. त्यामुळे दर विभाजनाला टेलोमिअर साधारण ५० ते २०० अक्षरांनी तोकडा होतो. तो फार तोकडा झाला की गुणसूत्राचे टोक पेशीला तुटलेल्या डीएनएसारखे भासते, तुटल्याची सूचना वाजते आणि विभाजन बंद होते. टेलोमिअर पुन्हा लांबवणारे टेलोमरेज हे विकर एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि त्यांची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर यांना १९८४ च्या डिसेंबरमध्ये एका एकपेशीय जीवात सापडले. या कामासाठी त्या दोघींना आणि जॅक शोस्टाक यांना २००९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या बहुतेक पेशींमध्ये हे विकर बंद असते. कर्करोगाच्या सुमारे ८५ ते ९० टक्के गाठींमध्ये ते पुन्हा चालू झालेले आढळते, आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच गाठी टेलोमिअर लांबवण्याची दुसरी वाट शोधतात. पेशीच्या विभाजनांची मोजदाद पुसून टाकल्याखेरीज कर्करोगाला फार दूर जाता येत नाही, असा याचा अर्थ.

मात्र पेशी केवळ मोजदाद संपली म्हणूनच थांबते असे नाही. १९९७ साली असे दिसून आले की तरुण, निरोगी पेशीत रास नावाच्या कर्करोगकारक जनुकाचे बिघडलेले रूप घातले, तर पेशी भराभर वाढण्याऐवजी थोड्याच दिवसांत कायमची थांबते. तिचे टेलोमिअर अजून पुरेसे लांब असतात, तरीही ती थांबते. वाढीची आज्ञा अवाजवी जोरात येते आहे हे पेशी ओळखते, आणि पी५३ व पी१६ ही प्रथिने विभाजनाचे ब्रेक दाबतात. किरणोत्सर्ग, डीएनए तोडणारी औषधे, ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांमुळे होणारी इजा यांपैकी कशानेही हेच घडू शकते. या कायमच्या थांबण्याला शास्त्रज्ञ सेनेसन्स म्हणतात आणि अशा पेशीला सेनेसन्ट पेशी. या लेखात मी तिला थांबलेली पेशी असेच म्हणणार आहे.

या थांबण्याचे उदाहरण बहुतेक प्रत्येकाच्या अंगावर आहे. त्वचेवरचा साधा तीळ हा रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा एक छोटा पुंजका असतो, आणि बहुसंख्य तिळांच्या पेशींत बीआरएएफ या जनुकात तोच बदल सापडतो जो मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत सापडतो. म्हणजे तीळ ही कर्करोगाच्या वाटेवर निघालेली आणि मध्येच थांबवली गेलेली गाठ आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत या पेशींमध्ये पी१६ प्रथिन आणि सेनेसन्सची इतर चिन्हे दिसली. तीळ काही मिलिमीटर वाढतो आणि मग दशकानुदशके तेवढाच राहतो. थांबणे ही शरीराने कर्करोगाविरुद्ध उभी केलेली पहिली भिंत आहे, हे इतक्या साध्या जागी दिसते.

मग या भिंतीचा वार्धक्याशी संबंध काय? इथे कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या ज्युडिथ कॅम्पिसी यांचे संशोधन निर्णायक ठरले. त्यांच्या गटाने २००१ साली दाखवले की थांबलेल्या संयोजी पेशी, म्हणजे ऊतींना आधार देणारे जाळे विणणाऱ्या पेशी, शेजारी असतील, तर कर्करोगाच्या उंबरठ्यावर असलेल्या पेशी अधिक वेगाने वाढतात आणि उंदरांमध्ये गाठी करतात. २००८ साली त्याचे कारण स्पष्ट झाले. थांबलेली पेशी गप्प बसत नाही. ती इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ यांसारखी दाह वाढवणारी प्रथिने, आजूबाजूचे जाळे कापणारी विकरे आणि वाढीला उत्तेजन देणारे घटक सतत बाहेर सोडत राहते. ज्या पेशीने शरीराला कर्करोगापासून वाचवण्यासाठी स्वतःचे विभाजन थांबवले, तीच पुढे शेजारच्या पेशींना कर्करोगाकडे ढकलू शकते. हा विरोधाभास प्रथम वाचणाऱ्याला पटत नाही. परंतु त्या स्रावाचा मूळ उद्देश लक्षात घेतला की त्यात विरोधाभास उरत नाही.

तो स्राव मुळात वर्दी आहे. ‘मी बिघडले आहे, मी थांबले आहे, मला येऊन उचला’ अशी वर्दी थांबलेली पेशी प्रतिकारयंत्रणेला देत असते. इंटरल्यूकिन-८ आणि त्याच्या जातकुळीतील प्रथिने रक्तातील पांढऱ्या पेशींना त्या जागी ओढून आणतात. शिवाय थांबलेल्या पेशीच्या पृष्ठभागावर अशी काही प्रथिने उगवतात, जी नैसर्गिक मारक पेशींना धोक्याची खूण म्हणून ओळखता येतात. नैसर्गिक मारक पेशी म्हणजे आधी ओळख करून न देताही संशयित पेशीला मारू शकणाऱ्या पांढऱ्या पेशी. उंदरांच्या यकृतावरील तीन प्रयोग इथे एकामागोमाग एक ठेवून पाहण्याजोगे आहेत. २००७ साली न्यूयॉर्कमधील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत स्कॉट लो यांच्या गटाने यकृताच्या गाठींमध्ये बंद पडलेले पी५३ पुन्हा चालू केले. गाठीतील पेशी मरण्याऐवजी थांबल्या, आणि तरीही गाठ नाहीशी झाली, कारण प्रतिकारयंत्रणेने त्या थांबलेल्या पेशी उचलल्या. २००८ साली त्याच गटाला आढळले की यकृतात व्रण (जखमेनंतर उरणारी कडक ऊती) साचवणाऱ्या पेशी थांबल्यानंतर नैसर्गिक मारक पेशी त्यांना मारतात आणि व्रण आटोक्यात राहतो. २०११ साली जर्मनीतील लार्स झेंडर यांच्या गटाने दाखवले की रास जनुकामुळे थांबलेल्या यकृतपेशी साफ करण्यासाठी मदतनीस टी-पेशी, म्हणजे इतर पांढऱ्या पेशींना चेतवणाऱ्या पांढऱ्या पेशी, लागतात, आणि त्या नसलेल्या उंदरांत त्याच थांबलेल्या पेशींच्या वस्तीतून पुढे यकृताचा कर्करोग उभा राहतो.

या तिसऱ्या प्रयोगावर क्षणभर थांबायला हवे, कारण सगळ्या विषयाचा सांधा तिथे आहे. थांबणे आणि उचलले जाणे ही एकाच संरक्षणाची दोन अर्धी आहेत. पहिले अर्धे पेशीच्या आत घडते आणि दुसरे तिच्या बाहेर, प्रतिकारयंत्रणेच्या हातून. वर्दी दिली आणि कोणी आलेच नाही, तर वर्दी बंद होत नाही. ती महिनोन्महिने, वर्षानुवर्षे चालू राहते, आणि जो दाह काही दिवसांपुरता उपयोगी ठरला असता तो कायमचा होतो. वाढत्या वयात शरीरात सर्वत्र मंद आचेवर चालू राहणाऱ्या अशा दाहाला इटलीतील क्लाउडिओ फ्रँचेस्की यांनी २००० साली स्वतंत्र नाव दिले, आणि आज हृदयविकारापासून संधिवातापर्यंत अनेक आजारांच्या अभ्यासात तो मोजला जातो.

प्रतिकारयंत्रणा कर्करोगावर पहारा ठेवते ही कल्पना जुनी आहे. पॉल एर्लिख यांनी ती १९०९ साली मांडली आणि मॅकफार्लेन बर्नेट व लुईस थॉमस यांनी १९५० च्या दशकात तिला सिद्धांताचे रूप दिले. परंतु १९७४ साली तिला जबर धक्का बसला. टी-पेशी घडवणारी थायमस ही ग्रंथी नसलेल्या, त्यामुळे टी-पेशींचा अभाव असलेल्या केसहीन उंदरांना कर्करोगकारक रसायन दिले, तरी साध्या उंदरांपेक्षा त्यांना अधिक गाठी झाल्या नाहीत. पुढची जवळजवळ वीस वर्षे या विषयाकडे पाठ फिरवली गेली. त्या उंदरांत नैसर्गिक मारक पेशी शाबूत असतात आणि थोड्याबहुत टी-पेशीही असतात, हे नंतर कळले. २००१ साली सेंट लुईसमधील रॉबर्ट श्रायबर यांच्या गटाने टी आणि बी या दोन्ही प्रकारच्या पेशी अजिबात नसलेले उंदीर वापरले, आणि त्यांच्यात गाठी निःसंशय अधिक झाल्या. त्याच कामातून हेही स्पष्ट झाले की पहारा हा सरळसोट मारामारीचा मामला नाही. आधी निर्मूलन होते, मग अनेक वर्षे चालू शकणारा समतोल, आणि शेवटी, ज्या पेशी पहाऱ्याच्या नजरेत येत नाहीत त्याच निवडल्या गेल्यामुळे, निसटणे. पहारेकरी स्वतःच नकळत चलाख गुन्हेगाराची निवड करतो, हे मान्य करणे त्या काळच्या संशोधकांना जड गेले असेल.

निसटण्याची सर्वांत परिचित युक्ती म्हणजे टी-पेशींचे ब्रेक दाबणे. टी-पेशी अनावर होऊन शरीरावरच उलटू नयेत म्हणून त्यांच्यावर सीटीएलए-४ आणि पीडी-१ अशी थांबण्याची बटणे असतात. गाठीतील पेशी पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करून पीडी-१ चे बटण दाबतात. ही बटणे झाकणारी औषधे वापरात आली, त्यांतील पहिले २०११ साली, आणि त्यामागच्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल मिळाले. ती गोष्ट आता सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाला अधिक लागू पडणारी गोष्ट २०१९ ते २०२२ या काळात पुढे आली. लंडनमध्ये अर्ने अकबर यांच्या गटाला आढळले की त्वचेतील थांबलेल्या पेशी एचएलए-ई नावाचे प्रथिन पृष्ठभागावर मांडून मारक पेशींना परत पाठवतात. टोकियोत मकोतो नाकानिशी यांच्या गटाला दिसले की थांबलेल्या पेशींपैकी काही पीडी-एल१ मांडतात, आणि उंदरांना पीडी-१ झाकणारे प्रतिपिंड दिले तर अशा पेशींची संख्या घटते. कर्करोगाची पेशी आणि म्हातारी पेशी पहाऱ्यापासून वाचण्यासाठी एकच परवाना दाखवतात. दोन विषय एका प्रयोगशाळेत येण्यामागे याहून सबळ कारण मला दिसत नाही.

दुसरी बाजू पहारेकऱ्याची. छातीच्या हाडामागे असलेली थायमस ही ग्रंथी टी-पेशींची शाळा आहे. तिथे प्रत्येक टी-पेशीची परीक्षा होते आणि बहुतेक नापास होऊन मारल्या जातात. ही शाळा बालपणातच आक्रसू लागते; पौगंडावस्थेनंतर तिच्या ऊतीची जागा चरबी घेत जाते, आणि म्हातारपणी नव्याने घडलेल्या टी-पेशींचा पुरवठा अगदी तुटपुंजा होतो. प्रौढ वयात थायमसचा काही उपयोग नसतो, असे कित्येक वर्षे मानले जात होते, आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेत ती आड आली तर काढून टाकली जाई. २०२३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी थायमस काढलेल्या प्रौढ रुग्णांची तुलना त्याच प्रकारची शस्त्रक्रिया झालेल्या, पण थायमस शाबूत असलेल्या रुग्णांशी केली. पाच वर्षांत पहिल्या गटात ८.१ टक्के मृत्यू झाले, दुसऱ्यात २.८ टक्के, कर्करोग झालेल्यांचे प्रमाण पहिल्यात ७.४ टक्के होते, दुसऱ्यात ३.७ टक्के. हा मागे वळून केलेला अभ्यास आहे, म्हणून त्याचा अर्थ जपून लावायला हवा. परंतु निरुपयोगी समजलेल्या ग्रंथीविषयी त्याने डॉक्टरांना पुन्हा विचार करायला लावले.

पुरवठा घटतो त्याबरोबर असलेल्या टी-पेशीही बदलतात, आणि इथे दोन वेगळ्या अवस्थांची गल्लत होते. एक अवस्था थकव्याची. गाठ किंवा दीर्घकाळचा विषाणूसंसर्ग समोर सतत असला, की टी-पेशीवर पीडी-१ सारखी अनेक बटणे चढतात आणि तिचे मारण्याचे सामर्थ्य मंदावते. ही अवस्था औषधाने काही अंशी उलटवता येते. दुसरी अवस्था वार्धक्याची. अनेकदा विभाजित झालेली टी-पेशी सीडी२८ हे चेतवण्यासाठी लागणारे प्रथिन गमावते, तिचे टेलोमिअर आखूड झालेले असतात, ती फारशी विभाजित होत नाही, पण दाह वाढवणारी प्रथिने मात्र सढळपणे सोडते. अशा पेशींच्या फौजा वाढवण्यात सायटोमेगॅलो या, आयुष्यभर शरीरात सुप्त राहणाऱ्या विषाणूचा मोठा वाटा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली या दोन्ही टी-पेशी सारख्याच दिसतात, पण उपचाराच्या दृष्टीने त्यांच्यातील फरक मोठा आहे: बटण झाकल्याने थकलेल्या पेशीला उभारी येऊ शकते, म्हाताऱ्या पेशीला तेवढ्याने येत नाही. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना नवे लक्ष्य शिकवून परत दिल्या जातात त्या कार-टी उपचारात काढलेल्या पेशी किती ताज्या आहेत याला इतके महत्त्व आहे ते यामुळेच.

प्रयोगशाळेतील रोजचे काम पाहिले, तर या विषयाच्या अडचणी अधिक नीट कळतात. थांबलेली पेशी ओळखायची कशी, ही पहिली अडचण. १९९५ पासून वापरात असलेली पद्धत अशी की पेशींवर एक्स-गॅल हे द्रव्य घालून आम्लता सामू ६ वर ठेवायची. थांबलेल्या पेशींत लायसोसोमचा, म्हणजे पेशीतील कचरा पचवणाऱ्या पिशव्यांचा, पसारा वाढलेला असल्यामुळे त्या निळ्या दिसतात. ही पद्धत सोपी आहे, पण दाटीवाटीने वाढलेल्या निरोगी पेशीही कधी निळ्या होतात आणि मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी तर सहज होतात. म्हणून जोडीला पी१६ मोजावे लागते, नवा डीएनए बनत नाही याची खात्री करावी लागते, स्रावातील प्रथिने तपासावी लागतात. कोणतीही एकच खूण पुरेशी नाही. केवळ निळ्या रंगाच्या भरवशावर केलेला दावा वाचताना म्हणूनच सावध राहायला हवे.

दुसरी अडचण उंदरांची. उंदराचे टेलोमिअर माणसाच्या मानाने खूप लांब असतात आणि त्याच्या अनेक ऊतींत टेलोमरेज चालू असते. तरीही त्याच्या पेशी पात्रात थोड्याच विभाजनांनंतर थांबतात. कॅम्पिसी यांच्या गटाने २००३ साली याचे कारण दाखवले ते हवेतील ऑक्सिजन. इन्क्युबेटरमध्ये तापमान ३७ अंश आणि कार्बन डायऑक्साइड ५ टक्के ठेवण्याची काळजी घेतली जाते, पण ऑक्सिजन सहसा हवेतला, सुमारे २० टक्के, असतो. तो ३ टक्क्यांवर आणल्यावर उंदरांच्या पेशी न थांबता विभाजित होत राहिल्या. आणखी महत्त्वाचे म्हणजे कर्करोगाचे बहुतेक प्रयोग दोन-तीन महिन्यांच्या उंदरांवर होतात, जे माणसाच्या विशीशी तुल्य आहेत, तर कर्करोगाचे निदान होणाऱ्या माणसांत ज्येष्ठांचा भरणा असतो. दोन वर्षांचा उंदीर हवा असेल तर दोन वर्षे तो सांभाळावा लागतो, त्याला खर्च येतो, आणि शोधनिबंध लांबतो. या घाईची किंमत काय, हे ॲशानी वीररत्ना यांच्या गटाने मेलॅनोमाच्या बाबतीत दाखवले. २०१६ साली त्यांना आढळले की वयस्क त्वचेतील संयोजी पेशींचा स्राव मेलॅनोमाला पसरायला आणि औषधाला दाद न द्यायला मदत करतो. २०१८ साली त्याच गटाने दाखवले की पीडी-१ झाकणाऱ्या औषधाला वयस्क रुग्ण तरुण रुग्णांपेक्षा चांगला प्रतिसाद देतात, कारण तरुणांच्या गाठींत टी-पेशींना आवरणाऱ्या नियामक टी-पेशींचे प्रमाण तुलनेने अधिक असते. ‘म्हातारपणी प्रतिकारशक्ती कमी, म्हणून असे उपचार कमी उपयोगी’ हे अनुमान तर्काला धरून वाटते, पण या आजारात ते चुकीचे ठरले. केवळ वय पाहून एखाद्या ज्येष्ठ रुग्णाला अशा उपचारातून वगळणे त्यामुळे अन्यायाचे आहे.

थांबलेल्या पेशी औषधाने उचलता येतील का? २०११ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये यान व्हान ड्यूर्सन यांच्या गटाने जनुकीय बदल केलेल्या उंदरांत पी१६ असलेल्या पेशी हव्या तेव्हा मारता येतील अशी सोय केली. अकाली म्हातारे होणाऱ्या त्या उंदरांत वार्धक्याची काही लक्षणे लांबली, आणि २०१६ साली नेहमीच्या गतीने म्हातारे होणाऱ्या तशाच उंदरांतही आयुर्मान वाढलेले दिसले. २०१५ साली डासाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध आणि क्वेर्सेटिन हे वनस्पतिजन्य द्रव्य यांची जोडी काही थांबलेल्या पेशींना मारते असे दिसले. २०२० साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधील स्कॉट लो आणि मिशेल साडेलेन यांच्या गटांनी थांबलेल्या पेशींवर आढळणारे यूपीएआर हे प्रथिन लक्ष्य करणाऱ्या कार-टी पेशी बनवल्या. फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या उंदरांत, गाठ आधी औषधाने थांबवून मग या पेशी दिल्यावर, आयुष्य वाढले. आधी थांबवायचे, मग उचलायचे, हा क्रम इथे उपचार म्हणून मांडला गेला. केमोथेरपी आणि किरणोपचार अनेक पेशींना मारण्याऐवजी नुसतेच थांबवतात, आणि मागे राहिलेल्या थांबलेल्या पेशी शरीराच्या थकव्याला, आजार उलटण्याला हातभार लावतात असे उंदरांत २०१७ साली दिसले असल्यामुळे या क्रमाला अधिकच महत्त्व आहे.

तरीही सरसकट साफसफाई हे उत्तर नव्हे. गर्भाची घडण होताना काही पेशी नेमक्या वेळी थांबतात आणि मग उचलल्या जातात, हे २०१३ साली दिसले. जखम झाल्यावर तिथे थांबलेल्या पेशी जमतात आणि त्यांच्या स्रावातील एका घटकामुळे जखम लवकर भरते. त्या काढून टाकल्या तर उंदरांची जखम उशिरा भरते, हे २०१४ साली सिद्ध झाले. यकृतातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पी१६-संपन्न पेशी काढल्यावर तर उंदरांच्या यकृतात व्रण साचू लागला, असे २०२० सालच्या अभ्यासाने दाखवले. म्हणून ‘म्हाताऱ्या पेशी साफ करा’ किंवा ‘टेलोमिअर लांबवा’ अशा आश्वासनांसह विकल्या जाणाऱ्या गोळ्यांविषयी मला मनापासून काळजी वाटते. टेलोमिअर लांब असणे हे निव्वळ वरदान नाही. २०१३ साली मेलॅनोमा होणाऱ्या एका कुटुंबात, आणि त्याबरोबरच अनेक असंबंधित मेलॅनोमा गाठींत, टेलोमरेजच्या जनुकाचे बटण जोराने चालू ठेवणारा बदल सापडला. जी मोजदाद आपल्याला म्हातारे करते, तीच अनेक गाठींना वाढू देत नाही.

पुन्हा तिळाकडे येऊ. यकृतात थांबलेली पेशी उंदराची प्रतिकारयंत्रणा काही आठवड्यांत उचलते, पण तिळातली पेशी माणसाच्या त्वचेत पन्नास-साठ वर्षे राहते. ती उचलली गेलेली नसते. नुसती थांबलेली असते, आणि तिच्या भोवतालची त्वचा, त्या त्वचेतील संयोजी पेशी आणि पहाऱ्यावरच्या टी-पेशी या काळात म्हाताऱ्या होत जातात. २००३ सालच्या एका अमेरिकन अभ्यासाने एकाच तिळाचे एका वर्षात मेलॅनोमात रूपांतर होण्याची शक्यता काढली. चाळिशीच्या आतील माणसांत ती दोन लाखांत एकाहूनही कमी होती. साठीपुढच्या पुरुषांत ती सुमारे ३३ हजारांत एक होती.